'ढ' म्हणण्याआधी : वाचनदोषाच्या चाळणी-चाचणीविषयी एक संवाद

अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला 'ढ' म्हणण्याची मराठीतील रीत जुनी आहे, आणि ज्या मुलाचे अक्षराशीच जुळत नाही त्याला एका अक्षराचेच नाव चिकटवण्यातील क्रौर्य दीर्घ वापराने बोथट झाले आहे. अशा मुलांपैकी काहींच्या बुद्धीत, दृष्टीत किंवा ऐकण्यात काहीच उणे नसते, त्यांना इतरांइतकेच शिकवलेलेही असते, आणि तरीही लिहिलेल्या चिन्हाचा बोललेल्या ध्वनीशी सांधा जुळवणे त्यांना कमालीचे कठीण जाते. या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यांनी 1887 मध्ये हा शब्द वापरला तो मेंदूच्या विकारामुळे वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि जन्मजात वाचनदोषाची चर्चा सुरू झाली. प्रारंभीच्या अभ्यासकांपैकी अनेक जण डोळ्यांचे वैद्य होते, आणि दोषही बराच काळ दृष्टीशी जोडला गेला. पुढील शतकातील संशोधनाने मात्र बहुतेक मुलांच्या बाबतीत त्याचे मूळ ध्वनिभानात, म्हणजे बोललेल्या शब्दातील लहानलहान ध्वनी वेगळे ऐकण्याच्या व हाताळण्याच्या क्षमतेत, असल्याचे दाखवले.

मूल वाचनात नापास होईपर्यंत न थांबता, पाच-सहा वर्षांच्या वयातच हा धोका ओळखता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी जे साधन वापरतात त्याला चाळणी-चाचणी म्हणता येईल : ती निदान करत नाही, मोठ्या समूहातून अधिक लक्ष देण्याजोगी मुले तेवढी वेगळी काढते. पुढील संवाद दोन भूमिकांचा आहे. एक भूमिका मराठी मुलांसाठी अशी चाचणी घडवू पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, तर दुसरी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेची. पहिल्याला उशिराची भीती आहे आणि दुसरीला घाईची.

मानसशास्त्रज्ञ : बाई, महाराष्ट्राने 1996 मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्याची मान्यता दिली. परंतु 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी करावयाची पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, अपेक्षित होती. म्हणजे वाढीव वेळ आणि लेखनिक दहावीत, पडताळणी तिसरीत आणि अडचण सुरू होते ती पहिलीत. मधल्या काळात मूल आपल्याला काहीच येत नाही हे मात्र पक्के शिकते.

शिक्षिका : आठव्या वर्षाआधी निदान करू नये असे तुमचेच शास्त्र सांगत असेल, तर त्यामागे काही कारण असेलच ना, डॉक्टर? सहा वर्षांच्या मुलाला अक्षरे उलटसुलट काढताना पाहून घाबरलेले पालक शाळेत येतात, कारण 2007 च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटात त्यांनी नाचणारी अक्षरे पाहिलेली असतात. उलटी अक्षरे तर शिकाऊ मुले सर्रास काढतात.

मानसशास्त्रज्ञ : काढतात, आणि म्हणूनच चाळणीत त्या खुणेला जवळजवळ स्थान नाही. निदान उशिरा करावे, कारण वाचन शिकवून पाहिल्याशिवाय वाचनदोष म्हणता येत नाही. पण धोक्याच्या खुणा वाचनाच्या आधीपासून दिसतात. फिनलंडमधील युवस्कुला येथे 1990 च्या दशकापासून सुमारे 200 मुलांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला, त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या घरात वाचनदोषाचा इतिहास होता. शाळेत जाण्यापूर्वीची अक्षरओळख, ध्वनिभान आणि ओळखीच्या चित्रांची नावे भराभर सांगण्याचा वेग यांवरून पुढील अडचणीचा बराच अंदाज बांधता आला. या तिसऱ्या क्षमतेला शीघ्रनामन म्हणतात. पाहिलेल्या वस्तूपासून तिच्या नावापर्यंत मेंदू किती सहज पोहोचतो, हे त्यातून कळते.

फिनलंडचे नाव येताच शिक्षिकेचा पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. फिनिशमध्ये बहुतांशी एका अक्षराला एक ध्वनी आणि एका ध्वनीला एक अक्षर असते, तर इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. देवनागरी या दोन्हींहून निराळी आहे, कारण तिचे एकक सुटा ध्वनी नसून अक्षर, म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची एकत्र आकृती, हे आहे. मुलाला मुळाक्षरांच्या जोडीला बाराखडी आणि जोडाक्षरे शिकावी लागतात, आणि शेकडो आकृत्या ओळखीच्या होईपर्यंत काही वर्षे जातात. कन्नड मुलांवरील सोनाली नाग यांच्या संशोधनात असेच दिसले की अक्षरसंच आत्मसात होण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते, आणि सुट्या ध्वनींचे भान शब्दावयवांच्या, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या, भानापेक्षा पुष्कळ सावकाश येते.

शिक्षिका : मग इंग्रजीतील प्रश्नावली मराठीत उतरवून शाळेत पाठवण्यात काय अर्थ आहे? आरशातल्यासारख्या दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळ तिच्यात विचारलेला असतो. मराठी मुलाचा गोंधळ 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत होतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर. एकच 'र' 'सूर्य' मध्ये डोक्यावर बसतो, 'प्रकाश' मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र' मध्ये पायाशी येतो आणि 'दऱ्या' मध्ये आडवा होतो.

मानसशास्त्रज्ञ : भाषांतराने चाचणी होत नाही, हे मान्यच आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली 'डाली' नावाचा संच तयार झाला आणि 2015 मध्ये तो सादर झाला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांसाठी आहे, आणि त्यात शिक्षकांनी भरावयाच्या चाळणी-सूची वेगळ्या व मानसशास्त्रज्ञांनी घ्यावयाच्या सविस्तर चाचण्या वेगळ्या आहेत. प्रत्येक भाषेतील मुलांवर प्रमाणित केलेले साधन हवे, हे तत्त्व त्यातून रुजले. आता गरज आहे ती आणखी खाली, अक्षरे शिकण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांपर्यंत जाण्याची, आणि तेथे लेखी काहीच विचारता येत नाही.

तोंडी विचारायचे म्हटले तर प्रश्न साधे वाटतात. 'पान, कान, दार' यांत न जुळणारा शब्द कोणता. 'चिमणी' मधला 'चि' काढला तर काय उरते. गाय, घर, हात, झाड, चेंडू यांची चित्रे पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींत दाखवली तर सगळी नावे सांगायला किती वेळ लागतो. या साधेपणातच घडणीचे खरे काम दडलेले आहे. 'चिमणी' मधून 'चि' गेला की 'मणी' हा ओळखीचा शब्द उरतो, त्यामुळे मूल ध्वनी न हाताळता अंदाजानेही उत्तर देऊ शकते, तर 'कबूतर' मधून 'क' गेल्यावर उरणाऱ्या 'बूतर' या तुकड्यासाठी कानावरच विसंबावे लागते. जो प्रश्न सर्वांनाच येतो किंवा कोणालाच येत नाही तो मुलांमुलांत फरक दाखवू शकत नाही, म्हणून तो गाळावा लागतो. तीच चाचणी काही दिवसांनी घेतल्यास गुण साधारण तेच यावेत, याला विश्वसनीयता म्हणतात. आणि आज धोक्यात दिसलेली मुले दोन वर्षांनी खरोखर वाचनात अडखळावीत, याला सप्रमाणता म्हणतात. सप्रमाणता एका वर्षाच्या प्रकल्पात सिद्ध करता येत नाही, मुले मोठी होईपर्यंत थांबावेच लागते. आणि घाईने बाजारात येणाऱ्या याद्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते.

मराठीचा एक खास पेच येथे नोंदवण्याजोगा आहे. 'चार' आणि 'चाक' यांची सुरुवात सारखी आहे का, असे विचारले तर लिपी होय म्हणते आणि कान नाही म्हणतो, कारण 'चार' मधला 'च' तालव्य आहे आणि 'चाक' मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे टेकवून काढलेला. 'जात' (ज्ञाती या अर्थी) आणि 'जाड' यांतही तोच भेद आहे. ज्या मुलाला अजून अक्षर येत नाही आणि ज्याचा कान तीक्ष्ण आहे ते 'नाही' म्हणेल. लिहिता येणाऱ्या मोठ्या माणसाने बेसावधपणे उत्तरसूची केली असेल, तर नेमक्या त्याच मुलाचा गुण कापला जाईल.

शिक्षिका : कान तरी सगळ्यांचा एकच आहे का? वऱ्हाडात, खानदेशात, मालवणात घरी बोलली जाणारी भाषा पुस्तकातल्यासारखी नसते. 'ण' आणि 'ळ' यांचे उच्चार ठिकठिकाणी बदलतात. नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी ऐकत वाढलेले मूल प्रमाण मराठी पहिल्यांदा शाळेत ऐकते. तुमच्या चाळणीत अडकणारी मुले वाचनदोषाची असतील की परक्या भाषेत बसवलेली?

मानसशास्त्रज्ञ : त्यासाठीच मानके, म्हणजे तुलनेचे गुण, एकाच शहरातील मुलांवरून ठरवता येत नाहीत. ध्वनींचे खेळ घरच्या भाषेत घेता येतील, आणि चित्रांची नावे आधी विचारून मूल जे नाव देईल तेच ग्राह्य धरता येईल. घरात आणखी कोणाला वाचन जड गेले होते का, हा प्रश्न तर कोणत्याही भाषेत विचारता येतो, कारण हा दोष पुष्कळदा घराण्यात उतरतो.

हे उत्तर अंशतःच पुरते. मराठीतील साधन कोरकू मुलासाठी वापरून वर अपवादाची टीप जोडण्यापेक्षा, कोरकूतील साधन होईपर्यंत त्या मुलाच्या गुणांवरून कोणताही निष्कर्ष न काढणे अधिक प्रामाणिक ठरेल. शिक्षिकेचा पुढचा आक्षेप मात्र याहूनही मूलगामी आहे, आणि या विषयाचा गाभा तेथेच आहे.

शिक्षिका : 'असर' या पाहणीच्या 2022 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील साधारण पाचांपैकी एकाच मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही उरलेली चार मुले काय डिस्लेक्सियाची आहेत? महासाथीत शाळा बंद राहिल्या, शिक्षक अपुरे आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मुले निम्मे वर्ष फडावर असतात. जेथे बहुतेकांनाच वाचता येत नाही तेथे चाळणी कोणाला वेगळे काढणार? आणि तिने काढलेच, तर न शिकवल्याचा दोष मुलाच्या मेंदूवर ढकलण्याची सोय होणार नाही का?

मानसशास्त्रज्ञ : एका दिवसात घेतलेली, एका आकड्यात संपणारी चाचणी असेल तर तसे होईल. अक्षरओळख मोजणारा प्रश्न मुलाची क्षमता आणि त्याला मिळालेली संधी एकत्रच मोजतो. म्हणून काय येते हे मोजण्याऐवजी किती सहज शिकता येते हे मोजणारी पद्धत घ्यावी लागेल, तिला गतिशील मूल्यमापन म्हणतात. मुलाने कधीच न पाहिलेली तीन-चार चिन्हे घ्यायची, प्रत्येकाला एक ध्वनी द्यायचा, काही मिनिटे खेळातून शिकवायचे आणि मग विचारायचे. बालवाडीत गेलेले आणि न गेलेले मूल येथे पुष्कळसे एकाच रेषेवर उभे असते.

शिक्षिका : आणि ते पुष्कळसेच.

मानसशास्त्रज्ञ : पुष्कळसेच. म्हणून दुसरी पायरी हवी. पहिल्या चाळणीत मागे दिसलेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे रोज थोडा वेळ, लहान गटात, ध्वनी आणि अक्षर यांची जोड पद्धतशीर शिकवायची आणि पुन्हा पाहायचे. ज्यांना फक्त संधी मिळाली नव्हती त्यांतील पुष्कळ मुले झपाट्याने पुढे सरकतात. ज्यांची गती तशा शिकवण्यानेही वाढत नाही, त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने वाचनदोषाच्या शंकेने पाहावे.

अशा रीतीने शिकवणे हाच चाचणीचा भाग होतो, आणि संवादातील दोन भूमिका येथे जवळ येतात. शिकवणे अपुरे असलेल्या समाजात न शिकवलेले मूल आणि न शिकू शकणारे मूल यांना वेगळे करण्याचा शिकवून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे. ज्या साधनात ही मधली पायरी नाही ते कितीही सुबक असले, संगणकावर चालत असले आणि काही मिनिटांत रंगीत अहवाल देत असले, तरी महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळांसाठी ते अयोग्य मानले पाहिजे.

एका दमात निकाल लावण्याचा धोका साध्या गणितानेही स्पष्ट होतो. चाचणीची संवेदनशीलता म्हणजे खरोखर धोक्यात असलेल्या मुलांपैकी किती मुले ती पकडते. विशिष्टता म्हणजे धोक्यात नसलेल्या मुलांपैकी किती मुलांना ती योग्य रीतीने मोकळे सोडते. समजा, 1000 मुलांत 80 मुलांना वाचनदोष आहे आणि चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही 85 टक्के आहेत, जे कागदावर चांगले दिसते. अशी चाचणी 80 पैकी 68 मुले पकडेल आणि 12 निसटतील. उरलेल्या 920 मुलांपैकी 15 टक्के, म्हणजे 138 मुलेही तिच्यात अडकतील. एकूण 206 मुलांवर बोट ठेवले जाईल आणि त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांनाच खरा दोष असेल.

शिक्षिका : म्हणजे तीन मुलांकडे बोट दाखवले तर त्यांतील दोघांवर अन्याय.

मानसशास्त्रज्ञ : बोट दाखवणे म्हणजे शिक्का मारणे असेल, तर अन्याय. त्याचा अर्थ 'या मुलाला काही आठवडे जास्त शिकवा' एवढाच असेल, तर त्या दोघांचे नुकसान कोणते? जास्त शिकवल्याने कोणत्याही मुलाचे बिघडत नाही. याउलट निसटलेल्या 12 मुलांचे नुकसान मोठे आहे, कारण त्यांच्याबद्दल आता शिक्षकही निश्चिंत होतात. म्हणून पहिल्या पायरीची चाळणी बारीक छिद्रांचीच ठेवावी, अधिक मुले अडकली तरी चालतील.

शिक्षिका : कागदावर चालेल. दोन वर्ग, चाळीस मुले आणि रोज मागवली जाणारी माहिती सांभाळणाऱ्या शिक्षकाने त्यांतल्या दहांना वेगळे शिकवायचे कधी? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 'प्रशस्त' ही सर्व दिव्यांगत्वांची तपासणी-सूची 2022 मध्ये आणली. शाळांत येणाऱ्या आरोग्य पथकांच्या यादीतही अध्ययन अक्षमता आहे. सूचींची वाण नाही, डॉक्टर. प्रपत्र भरून वर गेले की त्याचे पुढे काय झाले, हे वर्गापर्यंत परत येत नाही.

या मुद्द्याला वैद्यकशास्त्रात आधार आहे. विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेली चाळणीची दहा तत्त्वे आजही प्रमाण मानली जातात, आणि त्यांत सापडलेल्या व्यक्तीसाठी मान्य उपचार असावा व निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी, या अटी स्पष्ट आहेत. वाचनदोषासाठी उपाय आहे : ध्वनी आणि अक्षर यांचे नाते पायरीपायरीने, उघड करून, भरपूर सरावासह शिकवणे. परंतु तपासणी केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मजुरी बुडवून करावा लागणारा प्रवास अनेक कुटुंबांना झेपत नाही. म्हणून चाळणी-चाचणी घडवण्याच्या खर्चात त्या आठ आठवड्यांच्या पाठांचा, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि द्विशिक्षकी शाळेला मिळणाऱ्या मदतनिसाचा खर्च धरलेला नसेल, तर ती चाचणी अपुरी आहे, असे शिक्षिकेच्या बाजूने ठामपणे म्हणावे लागते. त्याआधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घेणेही त्याच खर्चात आले, कारण कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे ध्वनिभान मोजणे व्यर्थ आहे.

मानसशास्त्रज्ञाने ही अट स्वीकारली आणि साधनाचा आराखडा बदलला : मुलाच्या नावापुढे गुणांचा रकाना न ठेवता पुढील आठवड्यात त्याच्याकडून काय करून घ्यायचे, याचा रकाना ठेवायचा. एका प्रश्नावर मात्र दोघांचे एकमत झाले नाही.

मानसशास्त्रज्ञ : दुसऱ्या पायरीपर्यंत पालकांना काही सांगू नये. अडकलेल्या तीन मुलांपैकी दोघांच्या घरी विनाकारण काळजी शिरेल, आणि गावात शब्द पसरायला वेळ लागत नाही.

शिक्षिका : घरात आणखी कोणाला वाचन जड गेले होते का, हे पालकांना विचारल्याशिवाय तुमची पहिली पायरीही पुरी होत नाही. ज्या बापाने चौथीत शाळा सोडली त्याला हा प्रश्न विचारल्यावर तो उलट विचारणारच की हे का विचारता. त्याला काय उत्तर द्यायचे? सगळ्या शाळेने त्याला 'ढ' म्हटले होते, आणि त्यानेही ते खरे मानले. पोराला आठ आठवडे शिकवून काय निघायचे ते निघो. बापाला खरे कारण कळायला आणखी आठ आठवडे कशासाठी लावायचे?

मानसशास्त्रज्ञ : कारण त्याचेही निदान झालेले नाही, बाई.

शिक्षिका : नाही झालेले. पण 'ढ' ठरवताना तरी कोणी निदान केले होते?